सुपरहिरोंच्या मालकांना खुलं पत्र: ज्यांनी ते घडवले, त्यांना बोलू द्या

प्रति,
सुपरहिरो पात्रांचे हक्क बाळगणाऱ्या सर्व कॉमिक्स प्रकाशन संस्था आणि चित्रपट स्टुडिओ

सप्रेम नमस्कार.

मी लेखिका आहे. तुमच्यापैकी एका संस्थेच्या सुपरहिरोवर निघालेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे भाग मी काही वर्षं लिहिले. संस्थेचं आणि पात्राचं नाव इथे घेत नाही. घेतलं तर पुढचं सगळं वकिलांमार्फत होईल, आणि मला तुमच्याशी सरळ बोलायचं आहे.

कारण असं घडलं. त्या मालिकेवर काम केलेल्या आम्ही काही लेखकांनी आणि आवाज देणाऱ्या कलाकारांनी एकत्र बसून आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं. पात्र कसं घडत गेलं, कुठला प्रसंग का बदलला, कागदावर ठीक वाटणारं वाक्य माइकसमोर अडलं तेव्हा कलाकाराने ते कसं फिरवलं, अशा गोष्टी बोलायच्या होत्या. त्यात गुपित काही नव्हतं, पैशांचा प्रश्नही नव्हता. आमच्यातले काहीजण आता थकले आहेत आणि त्यांचं सांगायचं राहून जाऊ नये, एवढंच मनात होतं. त्यावर संस्थेच्या कायदा विभागाचं पत्र आलं. करारातल्या गोपनीयतेच्या कलमानुसार लेखी परवानगीशिवाय पात्राविषयी जाहीर बोलता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आम्ही परवानगी मागितली. कारण न देता ती नाकारण्यात आली. पुढे त्याच संस्थेने त्याच पात्राच्या वाटचालीवर माहितीपट काढला. त्यात अधिकारी बोलले, विपणन विभागाचे प्रमुख बोलले. ज्यांनी त्या पात्राच्या तोंडी शब्द घातले त्यांच्यापैकी कोणी नव्हतं, आणि ज्यांनी ते शब्द उच्चारले तेही नव्हते.

हे मला निमूटपणे मान्य करता येत नाही. आणि प्रश्न माझ्या एका मालिकेचा असता तर जाहीर पत्र लिहिलं नसतं.

सुपरहिरो कागदोपत्री तुमचा आहे, यावर माझा वाद नाही. पण त्याच्याविषयीचं खरं ज्ञान तुमच्या तिजोरीत नसतं. ते काम करणाऱ्यांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं.

केव्हिन कॉनरॉय यांचंच बघा. १९९२ साली सुरू झालेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेपासून तीस वर्षं ते बॅटमॅनचा आवाज होते. मुखवट्यामागचा ब्रूस वेन एका आवाजात बोलतो आणि बॅटमॅन दुसऱ्या, हे त्यांनी रुजवलं. तो खालच्या पट्टीतला, जखमी आवाज त्यांना सापडला कुठे, हे २०२२ साली त्यांनी स्वतः लिहिलेल्या एका छोट्या कॉमिक कथेतून कळलं. समलिंगी असल्याचं लपवत काढलेली वर्षं, एड्सच्या साथीत गेलेले मित्र, भावाचा मानसिक आजार, कोसळलेलं घर. भूमिकेसाठीच्या आवाजचाचणीच्या खोलीत बॅटमॅनची व्यथा ऐकताना हे सगळं वर आलं आणि त्यातून तो आवाज निघाला, असं त्यांनी सांगितलं. जगासमोर एक चेहरा आणि आत दुसरा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती कथा वाचून मी जुने भाग पुन्हा पाहिले. तेच संवाद, तेच चित्र, आणि तरीही ज्या जागी मला पूर्वी फक्त धमकी ऐकू यायची तिथे आता दुःख ऐकू येऊ लागलं.

कथा मेच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नोव्हेंबरमध्ये कॉनरॉय गेले. पुढच्या वर्षी तिला कॉमिक्ससाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. इथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवते: ती कथा बॅटमॅनची मालकी असलेल्या डीसी या प्रकाशन संस्थेनेच छापली होती, आणि त्यांच्या निधनानंतर ती सर्वांना मोफत वाचायला खुली केली. म्हणजे मी जे मागते आहे ते तुम्हाला जमतं. तुम्ही ते एकदा केलं आहे. फक्त सहा महिने उशीर झाला असता तर हे आपल्याला कधीच कळलं नसतं, हेही तितकंच खरं.

अभिनेत्यांकडे असं बरंच असतं. सुपरमॅनच्या १९७८ च्या चित्रपटात त्याचं रोजचं रूप, क्लार्क केंट, झालेले ख्रिस्तोफर रीव्ह एका प्रसंगात चष्मा काढतात, खांदे मागे घेतात, पाठ ताठ होते, आवाज खाली उतरतो, आणि कुठलाही पोशाख न बदलता समोर सुपरमॅन उभा राहतो. पुढच्याच क्षणी धीर सुटतो आणि ते पुन्हा वाकून क्लार्क होतात. चष्म्याने माणूस ओळखू येत नाही ही या पात्राची सर्वांत कच्ची बाजू. ती अभिनयाने सावरली गेली. चॅडविक बोसमन यांनी ब्लॅक पँथरचा राजा आफ्रिकी धाटणीनेच बोलेल असा आग्रह धरला. ज्या देशावर कधी कुणी राज्य केलं नाही त्या देशाचा राजा युरोपीय उच्चारात का बोलेल, हा त्यांचा मुद्दा होता. एका उच्चारात त्या काल्पनिक देशाचा सगळा इतिहास आला. हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. २०२० साली ते गेले. त्यांनी आणखी काय काय ठरवलं होतं आणि कशासाठी, ते आता विचारता येणार नाही.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार नावाची आहे, आणि ती सर्वांत जुनी आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला दिले: तेरा पानं, पानाला दहा डॉलर. हक्कांसाठी दावा लावल्यानंतर त्यांची नावंही पानांवरून गेली. सुपरमॅनच्या त्या चित्रपटाची तयारी सुरू झाली त्या काळात शूस्टर यांची नजर जवळपास गेली होती आणि सीगल कारकुनी करत होते. सीगल यांनी १९७५ मध्ये वृत्तपत्रांना एक संतप्त निवेदन पाठवलं. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ते प्रकरण लावून धरलं. तेव्हा कुठे दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि पात्राखाली नाव मिळालं. हक्कांच्या रकमेचा तो जुना धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. ज्या कागदाने त्या दोघांचं सगळं गेलं, तो कागदसुद्धा त्यांच्या वार्षिक रकमेच्या कितीतरी पट मोलाचा ठरला.

लेखक बिल फिंगर यांची गोष्ट याहून बोचते, आणि माझ्या आजच्या मागणीशी तिचा थेट संबंध आहे. चित्रकार बॉब केन यांनी काढलेल्या पहिल्या रेखाटनात बॅटमॅनला लाल कपडे होते, डोळ्यांवर छोटा मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. पंखांऐवजी लहरणारा झगा, टोकदार कानांचा मुखवटा, करडा रंग, ब्रूस वेन हे नाव, गॉथम हे शहर, हे फिंगर यांचं. करार मात्र केन यांचा होता, त्यामुळे नावही त्यांचंच लागलं. १९६५ साली न्यूयॉर्कमधल्या चाहत्यांच्या एका मेळाव्यात फिंगर थोडं बोलले. एका चाहत्याने ते लिहून काढून वाटलं. त्यावर केन यांनी संतापून लांबलचक पत्र लिहिलं आणि सगळं नाकारलं. फिंगर १९७४ मध्ये गेले. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनीच खंत व्यक्त केली, की फिंगरना हयातीत श्रेय द्यायला हवं होतं. नाव लागलं २०१५ साली. मधल्या एवढ्या वर्षांत तो दावा जिवंत राहिला, कारण फिंगर एकदा मोकळेपणी बोलले होते आणि कुणीतरी ते टिपून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांच्या हातात आजच्यासारखं गोपनीयतेचं कलम असतं तर बॅटमॅनच्या जन्माची एकच बाजू आपण इतिहास म्हणून वाचत राहिलो असतो.

आणि हे जुन्या काळातच घडायचं असं समजू नका. २०२४ साली मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन संस्थेच्या वूल्व्हरिन या पात्राच्या निर्मात्यांमध्ये रॉय थॉमस यांचं नाव जोडलं गेलं. हे पात्र १९७४ मध्ये छापून आलं तेव्हा थॉमस संपादक होते. कथा लिहिणारे लेन वीन २०१७ मध्ये वारले होते, आणि त्यांच्या पत्नीने या बदलाला जाहीर हरकत घेतली. कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. पण सगळे हयात असताना सगळ्यांचं म्हणणं रीतसर नोंदवलं असतं, तर हा वाद मागे राहिलेल्यांच्या पदरात पडला नसता.

दुसरी तक्रार मोबदल्याची. इथे थोडक्यात सांगते, कारण आकडे तुमच्याकडे आहेत. विंटर सोल्जर या पात्राची कथा नव्याने रचणारे लेखक एड ब्रूबेकर यांनी जाहीरपणे सांगितलं आहे, की त्या पात्राच्या २०१४ च्या चित्रपटात ते काही क्षण दिसले त्याचं अभिनेता म्हणून जे मानधन मिळत राहिलं, ते पात्र घडवल्याच्या मोबदल्याहून जास्त भरलं. कारण अभिनेत्यांच्या मागे संघटनेचा करार होता, लेखकाच्या मागे नव्हता. लेन वीन सांगायचे, की बॅटमॅनच्या चित्रपटांत दिसणाऱ्या लुशियस फॉक्स या दुय्यम पात्रापायी डीसीकडून त्यांना जे मिळालं, तेवढं वूल्व्हरिनने कधी दिलं नाही. एकाच लेखकाला दोन घरांत दोन वेगळे न्याय मिळतात, याचा अर्थ वाटा देता येतो. तो द्यायचा की नाही ही केवळ इच्छेची बाब आहे.

तिसरी तक्रार कुलूपबंद कामाची. ऑगस्ट २०२२ मध्ये वॉर्नर या स्टुडिओने ‘बॅटगर्ल’ हा जवळपास पूर्ण झालेला चित्रपट कुठेच प्रदर्शित न करण्याचं ठरवलं. नऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. लेस्ली ग्रेस यांनी मुख्य भूमिका केली होती. मायकल कीटन पुन्हा बॅटमॅन झाले होते. दिग्दर्शक आदिल एल अरबी आणि बिलाल फल्लाह यांनी सर्व्हरवरची दृश्यं निदान मोबाइलवर टिपून घ्यावीत म्हणून प्रयत्न केला, तर त्यांचा प्रवेशच बंद झाला होता. चित्रपट वाईट असेल, चांगला असेल, मला माहीत नाही, आणि तोच मुद्दा आहे. व्यवसायाचा निर्णय म्हणून प्रदर्शन थांबवणं मी एक वेळ समजू शकते. पण अभिनेत्रीला स्वतःचं काम पाहता येऊ नये, लेखिकेला स्वतःची कथा पडद्यावर कशी उतरली हे कधीच कळू नये, ही कुठली रीत? आमच्या मालिकेचेही काही भाग आता कुठल्याच सेवेवर सापडत नाहीत. नव्या लेखकांना दाखवायला माझ्याकडे माझंच काम नाही.

याच तक्रारीत आणखी एक भर. पूर्वी चित्रपटांच्या डीव्हीडीवर दिग्दर्शक, लेखक आणि नट यांचं चित्र चालू असताना केलेलं निवेदन असायचं. मी पटकथा लिहायला शिकले ती बरीचशी ते ऐकून. आता तोच चित्रपट स्ट्रीमिंगवर येतो तेव्हा ते निवेदन बहुतेकदा गळलेलं असतं, आणि शेवटची नामावली सुरू होताच पडदा आकसून पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात दिसते. ध्वनिमुद्रण तुमच्याकडे तयार पडलं आहे. ते जोडायला किती कष्ट पडतील?

चौथी तक्रार चेहऱ्याची आणि आवाजाची आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी हिचीच वाटते. २०२३ च्या एका सुपरहिरो चित्रपटात जॉर्ज रीव्हज आणि ख्रिस्तोफर रीव्ह यांचे चेहरे संगणकाने पुन्हा उभे केले गेले. जॉर्ज रीव्हज १९५९ मध्येच गेले. दूरचित्रवाणीवरचा सुपरमॅन म्हणून पडलेला शिक्का त्यांना जड गेला होता. ज्या भूमिकेतून ते बाहेर पडू पाहत होते त्याच भूमिकेत त्यांना मृत्यूनंतर परत उभं केलं. त्यांची संमती घेणं शक्यच नव्हतं. त्याच चित्रपटात सुपरमॅन म्हणून दिसलेल्या, जिवंत असलेल्या निकोलस केज यांनी सांगितलं, की सेटवर त्यांनी साकारलं ते एका विश्वाचा अंत पाहणाऱ्या माणसाचं मूक दुःख होतं. पडद्यावर ते राक्षसी कोळ्याशी लढताना दिसले. म्हणजे नटाने जे केलं ते आणि त्याच्या चेहऱ्याने जे केलं ते, हे आता वेगळं असू शकतं.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेखकांनी १४८ दिवस आणि अभिनेत्यांनी ११८ दिवस संप केला, तेव्हा कुठे डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला या अटी करारात आल्या. व्हिडिओ गेममधल्या कलाकारांना त्याच मुद्द्यांवर २०२४ मध्ये वेगळा संप करावा लागला. जे कुठल्याच संघटनेत नाहीत त्यांचं काय? आमच्या मालिकेतल्या कलाकारांचे तासन् तास आवाज तुमच्या संग्रहात आहेत. किंकाळी, हुंदका, धाप, हसू, सगळं वेगवेगळं कापून ठेवलेलं. आवाज शिकवण्यासाठी यंत्राला याहून चांगलं काय लागतं? त्या कलाकारांना स्वतःच्या आठवणी सांगायची बंदी आहे, आणि त्यांचा आवाज मात्र त्यांच्याशिवाय बोलू शकेल अशी स्थिती आहे. हे दोन्ही शेजारी ठेवून एकदा बघा.

तुमची बाजू मला माहीत आहे. सुपरहिरो कुणा एकाचा नसतो, दशकानुदशकं शेकडो हात लागतात, मग श्रेय किती जणांना द्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण तो नोंदी ठेवायच्या बाजूचा युक्तिवाद आहे. हात अनेक असतील तर कोणाचा हात कुठे लागला हे लिहून ठेवणं जास्त गरजेचं होतं. पैसा आणि धोका तुम्ही पत्करता, हेही मान्य. करारावर आम्ही सही केली होती, तेही खरं. पण पहिलं काम मिळवणाऱ्या लेखकाला त्या कलमावर घासाघीस करता येते असं तुमच्यापैकी कुणाला मनापासून वाटतं का? आणि मालिका संपून इतका काळ गेल्यावर त्या गोपनीयतेने नेमकं काय राखलं जातं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

काहीजण आता विचारलं तरी सांगू शकत नाहीत. रॉकेट रकून या पात्राला चित्रकार कीथ गिफन यांच्यासह १९७६ मध्ये जन्म देणारे लेखक बिल मँटलो यांना १९९२ साली मोटारीने धडक दिली, मेंदूला कायमची इजा झाली. २०१४ साली त्यांचं पात्र जगभर पोहोचलं तेव्हा त्यांच्यासाठी चित्रपटाचा खास खेळ ठेवण्यात आला, हे चांगलंच झालं. पण ते हिंडतेफिरते होते त्या वर्षांत, हे पात्र सुचलं कसं, असं तुमच्यापैकी कुणी त्यांना बसवून विचारलं होतं का?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्टपणे मांडते.

काम प्रसिद्ध झाल्यावर पाच वर्षांनी, पात्राच्या घडणीविषयी बोलण्यावरची गोपनीयता आपोआप संपावी. पुढच्या कथांची गुपितं, पैशांचे आकडे, सहकाऱ्यांच्या खासगी गोष्टी यांची गोपनीयता कायम राहू द्या. जुन्या करारांनाही हे लागू करा; एका पानाचं जाहीर निवेदन पुरेल.

तुमच्या प्रत्येक प्रमुख पात्राच्या लेखक, चित्रकार, अभिनेते आणि आवाजाच्या कलाकारांच्या दीर्घ मुलाखती घ्या, वयाने मोठे असलेल्यांपासून सुरुवात करा, आणि त्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा विद्यापीठात ठेवा. संपादनाचा हक्क तुमच्याकडे नको.

पात्र नव्या माध्यमात जातं तेव्हा ते पहिल्यांदा लिहिणाऱ्या आणि रेखाटणाऱ्या व्यक्तींना ठरावीक वाटा मिळावा, आणि तो करारात लिहिलेला असावा. ‘विशेष आभार’ या यादीत नाव घालून बोळवण करू नका. डबिंगच्या कलाकारांची नावंही नामावलीत वाचता येतील अशी असावीत.

न दाखवलेल्या चित्रपटांची एक प्रत चित्रपट संग्रहालयात जमा व्हावी, आणि त्यावर काम केलेल्यांना ती पाहायची मुभा असावी. जुनी निवेदनं स्ट्रीमिंगवर परत आणा.

चेहरा किंवा आवाज यंत्राने पुन्हा घडवायचा तर त्या प्रत्येक वापरासाठी वेगळी लेखी संमती घ्या. कलाकार हयात नसेल आणि त्याने तसं लिहून ठेवलेलं नसेल, तर ते करू नका.

अमेरिकी कायद्यानुसार सुपरमॅनची पहिली गोष्ट १ जानेवारी २०३४ पासून सर्वांसाठी खुली होते. बॅटमॅनची त्यानंतर वर्षभराने. मग कुणीही ते पात्र घेऊन गोष्ट लिहू शकेल. त्या नव्या लेखकांच्या हाती काय द्यायचं, याची तयारी करायला तुमच्याकडे अजून थोडी वर्षं आहेत.

आमच्या ध्वनिमुद्रणाची परवानगी मी पुन्हा मागते आहे. नव्या अर्जात बोलणाऱ्यांची नावं आणि विषयांची यादी दिली आहे. नकार द्यायचा असेल तर कारणासह द्या, म्हणजे ते कारण मला इथेच जाहीर करता येईल.

आपली,
एका सुपरहिरो मालिकेची लेखिका